फवारणी सुरू व्हायच्या आधी

साइतामा, जपान

ती. बाबांस,
गजूचा सा. नमस्कार.

पराटी कमरेला आली, पुढच्या आठवड्यात फवारणी आहे, असं आई सांगत होती. फोनवर तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून लिहून धाडतो.

माझ्या खोलीपासून सायकलने जाता येईल एवढ्यावर ओमियाची लष्करी छावणी आहे. तिथल्या एका तुकडीचं खरं काम बंदुकीचं नाहीच. विषारी वायू, जंतू, किरणोत्सर्ग असलं काही पसरलं तर ते ओळखायचं अन् जागा धुऊन साफ करायची. वर्धापनदिनाला लोकांना आत सोडतात, तेव्हा पाहून आलो. आठ चाकांची गाडी आहे, बाहेर न उतरता हवा तपासतात. एका जवानाने रबरी पोशाख चढवून दाखवला. मनगट, घोटा, मान, कुठेच फट नाही. जरा वेळातच बिचारा घामाने निथळला. अन् तुम्ही? उघडे पाय, तोंडाला दुपट्टा!

२० मार्च १९९५ ला एका पंथाच्या लोकांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत, पाच गाड्यांत, सारिन नावाच्या जहरी रसायनाच्या पिशव्या छत्रीच्या टोकाने फोडल्या. पाच हजारांवर लोकांना त्रास झाला, काही जिवानिशी गेले. तेव्हा हीच तुकडी १०१ वी रासायनिक संरक्षण तुकडी म्हणून ओळखली जायची. तिच्या जवानांनी डबे अन् फलाट धुऊन काढले. दोन दिवसांनी पोलीस पंथाच्या अड्ड्यावर शिरले ते विषारी वायू ओळखायला पिंजऱ्यात कॅनरी पक्षी घेऊन. एवढी यंत्रं असून शेवटी पाखरावर भरवसा! २००८ साली तुकडीला नवं रूप अन् नवं नाव मिळालं. २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुभट्टीला पाणी द्यायला हेच गेले होते, स्फोटात चौघं जखमी झाले.

आता आपल्या वावराचं. सारिन १९३८ साली जर्मनीत सापडलं ते कीटकनाशकं शोधतानाच. आपलं प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस त्याच कुळातलं. जोर कितीतरी कमी, पण अंगात करणी तीच: लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्याची बाहुली बारीक होते, छाती भरून येते. टोकियोत लोकांना भर सकाळी अंधारल्यासारखं दिसत होतं. तिथे उतारा म्हणून जे अ‍ॅट्रोपिन टोचलं, तेच यवतमाळलाही टोचतात. २०१७ चा हंगाम आठवा. आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसच्या वर माणसं गेली.

त्या दिवशी टोकियोत आजाऱ्यांना अंगावरच्या कपड्यांनिशी दवाखान्यात घेतलं, तर कपड्यांतल्या वाफेने डॉक्टर-नर्सच्याही डोळ्यांना त्रास झाला. तुमचा फवारणीचा सदरा तर चुलीजवळच्या खुंटीवर असतो. दुसऱ्या दिवशी तोच अंगात, अन् धुवायला आईच्या उघड्या हाती.

म्हणून तो सदरा घरात आणू नका. गोठ्यामागे काढा, साबणाने अंघोळ करा, मगच आत या. हातमोजे, गमबूट, मास्क तालुक्याच्या कृषी केंद्रातून घ्या, पैसे टाकलेत. वाऱ्याकडे तोंड करून पंप मारू नका, उन्हाच्या तडाख्यात तर नाहीच. गड्यालाही हेच लागू, त्याच्यासाठीही जोड घ्या.

एवढं करून कुणाला गरगरलं, तर लिंबूपाण्यात वेळ न घालवता दवाखान्यात न्या अन् औषधाची बाटली सोबत ठेवा, म्हणजे डॉक्टरला लेबल वाचता येईल.

तुमचा,
गजू