विहिरीजवळचे वावर विकू नये म्हणून

छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबा, विहिरीजवळच्या दोन एकरांचा सौदा जवळजवळ ठरला असून आता फक्त इसार घ्यायचा राहिला आहे, असे परवा भाऊ फोनवर म्हणाला. हा विषय फोनवर बोलणे मला जमत नाही, कारण वॉर्डात मोठ्याने बोलता येत नाही आणि बाहेर व्हरांड्यात आले की छकुली हाका मारू लागते. म्हणून सविस्तर लिहीत आहे. पत्र पूर्ण वाचून होईपर्यंत इसाराचा रुपयाही हातात घेऊ नका, एवढी विनंती आधीच करून ठेवते.

दवाखान्याचे बिल लाखांत येत असेल आणि तुमचे जावई भिडेपोटी ते सांगत नसतील, असा तुमचा समज झालेला दिसतो. वस्तुस्थिती तशी नाही. छकुलीच्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून चालू आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून नव्या नावाने चालणारी हीच ती योजना. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची असलेली तिची मर्यादा आता पाच लाखांपर्यंत वाढली आहे. औषधे, सलाइन, रक्ताच्या तपासण्या, पाठीच्या मणक्यातून द्यावी लागणारी इंजेक्शने, खाट आणि तिचे स्वतःचे जेवण हे सगळे योजनेत बसते. दवाखान्यात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राने कागद पाहिले, मंजुरी आली आणि उपचार सुरू झाले. बिल म्हणून आमच्या हातात काही येतच नाही, आणि या एका गोष्टीसाठी मी सरकारला मनापासून धन्यवाद देते.

तरीही महिन्याच्या शेवटी आमच्याकडे काही उरत नाही. ते का, हे तुम्हाला समजल्याशिवाय जमीन विकण्यातला धोका समजणार नाही.

रक्ताच्या या प्रकारच्या कर्करोगाचा उपचार दोन ते अडीच वर्षे चालतो. सुरुवातीचे महिने सर्वांत कडक असतात. औषधांमुळे पांढऱ्या पेशी इतक्या खाली जातात की साधा तापसुद्धा जिवावर बेतू शकतो, आणि ताप आला की वेळ न दवडता दवाखाना गाठावा लागतो. आमच्या घरून, सेलूहून ते शक्य नाही. म्हणून दवाखान्यातून सुटी मिळाली तरी घरी जाता येत नाही आणि जवळच खोली घेऊन राहावे लागते. या भागात अशा खोल्या रुग्णांच्या नातेवाइकांनाच दिल्या जातात. घरमालकाला आपली निकड ठाऊक असल्यामुळे भाड्यात घासाघीस चालत नाही, आणि मुलीला दाखल केलेल्या दिवसांत खोली रिकामी राहिली तरी भाडे चालूच राहते. बाबा, मुंबईत दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे टाटा रुग्णालयात उपचार घेणारे गरीब लोक उतरतात. रुग्णाइतकीच त्याच्या सोबतच्या माणसालाही छपराची गरज असते, हे त्या निरक्षर साधूला कळले होते. आपल्याकडे नवी रुग्णालये उभी राहतात तेव्हा नकाशात ही गोष्ट बहुधा नसतेच.

खोलीत स्वयंपाकही वेगळा करावा लागतो. छकुलीला पाणी उकळून गार केलेलेच द्यायचे, अन्न त्या त्या वेळी शिजवलेले गरम हवे, फळ द्यायचे तर जाड सालीचे, म्हणजे केळे किंवा मोसंबी, तेही बाहेरून धुऊन मग सोलायचे. सकाळी केलेली खिचडी तिने संध्याकाळी मागितली तर ती फेकून नवी लावावी लागते. पाणी उकळण्यातच गॅस किती जातो, हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हते. तिकडे सेलूच्या घराचे भाडे आणि वीजबिल भरावे लागतेच. एका मिळकतीवर दोन चुली पेटतात.

प्रवासाचेही असेच आहे. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी शयनयान वर्गात शंभर टक्के आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते, त्यामुळे गाडीच्या तिकिटाचा भार फारसा नाही. पण ज्या मुलीला गर्दीत नेऊ नका असे डॉक्टरांनी बजावले आहे तिला वाटणीच्या रिक्षात दाटीवाटीने बसवता येत नाही. स्टेशनापासून दवाखान्यापर्यंत स्वतंत्र रिक्षा करावी लागते, आणि ते भाडे कधीकधी रेल्वेच्या तिकिटाहून जास्त होते. मध्यंतरी तिच्या रक्तातील प्लेटलेट खूप उतरल्या तेव्हा गावातली पोरे रक्त द्यायला धावून आली, त्यांचे उपकार फिटणार नाहीत. प्लेटलेट पाच दिवसांपेक्षा जास्त टिकत नसल्याने आधी साठवून ठेवता येत नाहीत. गरज पडली की माणसे उभी करावी लागतात. त्या पोरांचा प्रत्येकाचा एकेक रोज बुडाला. यांनी त्यांना चहा-नाश्ता दिला आणि एसटीचे भाडे देऊ केले, तर कोणी घेतले नाही. तो खर्च आमच्या वहीत नाही, पण कोणाच्या तरी घरात तो झालाच.

हे सगळे मिळूनही आम्ही कसेबसे निभावले असते. आम्हाला खरे वाकवले आहे ते बुडालेल्या कमाईने. यांचे मोटार वाइंडिंगचे काम रब्बीत सर्वांत जास्त असते, हे तुम्हाला मी काय सांगावे. हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी सुरू झाले, विजेचा दाब कमी-जास्त झाला की शेतकऱ्यांच्या मोटारी जळतात. ज्याची मोटार जळली तो दुकान उघडण्याची वाट पाहत बसत नाही, कारण पीक थांबत नाही. तो मोटार बैलगाडीत किंवा टेम्पोत घालून दुसऱ्या दुकानात जातो, आणि तिथले काम बरे वाटले तर पुढच्या वर्षीही तिथेच जातो. वर्षानुवर्षे जोडलेली गिऱ्हाइके अशी एकेक करून तुटत आहेत. माझे म्हणाल तर मी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. घेतलेल्या तासाचेच मानधन मिळते. आजारी मुलाजवळ बसणाऱ्या आईची रजा असा प्रकारच त्यात नाही, आणि पुढच्या वर्षी ते तास मलाच मिळतील याचीही हमी नाही.

शेजारच्या खाटेवरचे कुटुंब बीड जिल्ह्यातले आहे, ऊसतोडीचे. तुम्हाला माहीत आहेच की तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन झाली आणि टोळी निघायच्या सुमारास मुलाचे निदान झाले. आई इथे मुलापाशी, बाप कारखान्यावर एकटा, म्हणजे अर्धा कोयता. एकट्याच्या हाताने ऊस तुटतो किती आणि उचल फिटते किती? मुलाला भेटायला तो आला की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. एके रात्री ती बाई खाटेखाली चटईवर पडल्या पडल्या मला विचारत होती, की मधले एक इंजेक्शन सोडले आणि हंगाम संपल्यावर परत आलो तर चालेल का. तिचेही बिल शून्यच आहे, बाबा.

तिचा प्रश्न ऐकल्यापासून मी याविषयी मिळेल ते वाचते आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, तर अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हेच प्रमाण ३० टक्क्यांहूनही खाली आहे, आणि त्यामागच्या कारणांत उपचार अर्धवट सोडणे हे एक मोठे कारण आहे. औषध फुकट असूनही माणसे उपचार का सोडतात, हे खाटेखालच्या त्या चटईवर समजते. मी वर्गात मुलांना सांगत असे, की देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांना स्वतःच्या खिशातून कराव्या लागणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. आकडा खरा आहे आणि चांगलाही आहे. पण बंद दुकानाचे शटर, माझे बुडालेले तास आणि त्या माणसाचा अर्धा कोयता त्यात कुठेच मोजलेले नाहीत. कुपोषित मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवतात तेव्हा सोबत राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी दिली जाते. म्हणजे आईचा रोज बुडतो, हे सरकारला मान्य आहे. मग कर्करोगाच्या मुलाजवळ महिनोन्‌महिने बसणाऱ्या आईलाच ते का लागू नसावे, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

आता आपल्या घराकडे वळते. आई, थोरल्याने शाळेच्या सहलीला जायचे नाही असे गुरुजींना परस्पर सांगितले, हे तू हसत हसत सांगितलेस. मला मात्र हसू आले नाही. सहलीची वर्गणी किती आहे ते त्याने तुला विचारले होते आणि नंतर तो विषयच काढला नाही, यावरून त्याने आपली बोलणी ऐकली आहेत हे उघड आहे. अकरा वर्षांच्या मुलाने घरखर्चात काटकसर करायला नको. त्याला सहलीला पाठव, आणि त्याच्यासमोर पैशांचे बोलणे कटाक्षाने टाळा. आजोळी त्याचे सगळे नीट होते आहे हे मी जाणते. पण शाळा बदलली, मित्र सुटले आणि आई-बाप एकदमच दुसऱ्या गावी गेले, याची झळ त्याला बसणारच.

तशीच झळ तुम्हा दोघांनाही बसते आहे आणि तुम्ही ती लपवता. बाबा, तुम्ही मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढे ढकललेत, असे आईच्या बोलण्यातून निसटले. ते जिल्हा रुग्णालयात विनामूल्य होते. त्यासाठी कोणतीही जमीन विकावी लागत नाही आणि छकुलीच्या उपचारातला एक पैसाही त्यात जात नाही. आई, रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड घेऊन पाकीट पुरवण्याचा तुझा उद्योग ताबडतोब बंद कर. तुमच्यापैकी एक जण अंथरुणाला खिळला तर थोरल्याला कोण पाहील आणि मी एका वेळी दोन ठिकाणी कशी बसू?

जमिनीविषयी माझे मत स्पष्ट आहे. आमची अडचण एकरकमी पैशांची नाही. दोन-अडीच वर्षे दर महिन्याला थोडे थोडे कमी पडते, अशी ती आहे. अशा अडचणीवर जमीन विकणे हा महागातला महाग उपाय आहे. गावात सगळ्यांना आपली परिस्थिती माहीत आहे, त्यामुळे नडलेल्याच्या जमिनीला नडीचाच भाव मिळणार. त्यातही विहीर त्या दोन एकरांत आहे. ती गेली की उरलेली जमीन कोरडवाहू होईल आणि तुमच्या म्हातारपणाचा हरभरा-गहू कायमचा जाईल. भावाच्या संसाराचाही विचार करा. बहिणीच्या मुलीसाठी तो आज एका शब्दाने हो म्हणतो, हा त्याचा मोठेपणा आहे. त्याचा फायदा घेणे मला पटत नाही.

माझी पोत आणि पाटल्या आम्ही तारण ठेवून बँकेतून कर्ज घेतले आहे, हे तुम्हाला आता सांगायला हरकत नाही. सावकाराच्या दारात गेलो नाही. दागिने सुटतील तेव्हा सुटतील, त्यांच्यावाचून कोणाचे पीक वाळत नाही.

तुम्हाला काही करायचेच असेल तर भावाला आठवड्यातून दोन-तीन दिवस सेलूला दुकान उघडू द्या. त्याने यांच्या हाताखाली वाइंडिंग शिकलेले आहे, अवघड मोटार आली तर हे फोनवरून सांगतील, आणि दुकान उघडे दिसले एवढ्यानेही निम्मी गिऱ्हाइके टिकतील. त्याच्या शेतातल्या कामाला त्या दिवशी गडी लावावा लागला तर त्याची मजुरी आम्ही देऊ. ती आम्हाला परवडते, बंद दुकान परवडत नाही. पैशांऐवजी ज्वारी, तूर डाळ आणि घरचा गूळ पाठवा, म्हणजे इथला किराणा बराच आटोक्यात येईल. एवढे करूनही पुढे कमी पडलेच तर ओढ्याकडचे वावर एक वर्षासाठी ठोक्याने द्या. वर्ष संपले की ते आपल्याकडे परत येते.

पुढचे औषध सोमवारी आहे. त्याआधी रक्ताचा अहवाल चांगला आला पाहिजे, नाहीतर तारीख पुढे जाते आणि खोलीचे भाडे तेवढे वाढते. छकुलीच्या तोंडातले फोड आता कमी आहेत, काल तिने अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. आई, तुला यायचे असेल तर एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे आणि बाबांनाही ज्येष्ठ नागरिक म्हणून तेवढेच पडेल. मात्र दोघांपैकी कोणालाही सर्दी-खोकला असेल तर येऊ नका, आणि थोरल्याची शाळा बुडवू नका. डाळ पाठवताना ती नव्या तुरीची असेल तर डब्यावर तसे लिहा, शिजायला वेगळा वेळ लागतो.

इसाराबद्दल त्या गृहस्थांना काय सांगितले ते भावाला मला फोन करून कळवायला सांगा. त्यांना वाईट वाटू नये म्हणून हवे तर माझे नाव पुढे करा, लेकीने अडवले म्हणा.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
लेक