बॅन करा, पण आधी मॅचेस मोजा

संपादक महोदय,

व्हिडिओ गेममध्ये एखादं नवं कॅरेक्टर (खेळाडू निवडतो ते पात्र) येतं, त्याच्या जोरावर कोणीतरी लागोपाठ दोन स्पर्धा मारतं आणि तिसरी सुरू व्हायच्या आत ‘ओपी (प्रमाणाबाहेर ताकदवान) आहे, बॅन करा’ असा गलका होतो. ई-स्पोर्ट्सच्या बातम्यांतही मग ‘अमक्यावर बंदी’ एवढंच छापून येतं. ती कोणी घातली, कशाच्या आधारावर आणि किती दिवसांसाठी, याचा पत्ता नसतो. बंदीला आमचा विरोध नाही. आक्षेप आहे तो त्याआधीचं किचकट काम टाळण्याला.

सुरुवात आकड्यांपासून. बहुतेक जण विन रेट (जिंकलेल्या मॅचची टक्केवारी) पाहून निकाल देतात आणि तोच आकडा फसवा असतो. समजा दहातले चार जण तेच कॅरेक्टर घेतात आणि इतरांविरुद्ध ते ६० टक्के मॅच जिंकतं. शंभरातल्या साधारण १६ मॅचमध्ये ते दोन्ही बाजूंना येणार. तिथे एक जिंकणार, एक हरणार, म्हणजे ठोक ५० टक्के. सगळ्या मॅच एकत्र धरल्या की विन रेट ५६ वर उतरतो. दहातले सात जण तेच घेऊ लागले तर ५३ वर! कॅरेक्टर जितकं जास्त पसरतं, तितकं ते कागदावर निरुपद्रवी दिसू लागतं. म्हणून दोन्ही बाजूंना तेच कॅरेक्टर असलेल्या मॅच, म्हणजे मिरर मॅच, बाजूला काढूनच हिशेब करावा. शंभर मॅचवर विसंबणंही चुकीचं, कारण तेवढ्यात दहा टक्क्यांचा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. हजार मॅचना तो तीन टक्क्यांच्या आसपास येतो. आणि त्या हजार मॅच किती वेगवेगळ्या खेळाडूंच्या आहेत, हेही पाहावं. एकच पट्टीचा खेळाडू सगळीकडे जिंकत असेल, तर दुसरं कॅरेक्टर घेऊन तो काय करतो हे आधी तपासा. उलट बाजूही आहे. एका गेमला ६० टक्के हा आकडा किरकोळ वाटतो, पण बरोबरीच्या दोघांत बेस्ट ऑफ फाइव्ह (पाचांतले तीन गेम आधी जिंकेल तो विजयी) झाली की तोच ६८ टक्क्यांवर जातो.

दुसरी गफलत ऑनलाइन खेळाची. फायटिंग गेम (दोघांच्या मारामारीचा गेम) सहसा सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी, चालतो. एखादी मूव्ह (हल्ल्याची चाल) लागायला १८ फ्रेम, म्हणजे ३०० मिलिसेकंद घेत असेल, तर डोळ्यांनी पाहून ब्लॉक करायला सरावलेल्या खेळाडूला १४-१५ फ्रेम लागतात. हाताशी तीन-चार फ्रेम उरतात. ऑनलाइन खेळताना नेटवर्कमुळे चार-पाच फ्रेम गेल्या की ती मूव्ह पाहून ब्लॉक करणं अशक्यच. रोलबॅक (समोरच्याची चाल अंदाजाने दाखवून नंतर दुरुस्त करण्याची पद्धत) असला तरी समोरच्याच्या मूव्हच्या पहिल्या काही फ्रेम दिसतच नाहीत. अशा वेळी दोष कॅरेक्टरचा की कनेक्शनचा, हे समोरासमोर बसून खेळलेल्या मॅचेसशी ताडून पाहावं. ऑनलाइन लीगपुरता वेगळा नियम केला तर त्यात काही बिघडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: गेम बनवणारी कंपनी अजून पॅच (गेममध्ये बदल करणारं अपडेट) काढते का? टेक्कन ७ या फायटिंग गेममध्ये डिसेंबर २०१९ मध्ये लीरॉय स्मिथ हे कॅरेक्टर आलं आणि जानेवारी २०२० मध्ये ईव्हो जपान या स्पर्धेच्या अंतिम आठांत सहा जण तोच खेळत होते. बोंबाबोंब झाली, पण पुढच्या पॅचेसमध्ये कंपनीनेच त्याला नर्फ, म्हणजे कमकुवत, केलं. घाईने बंदी घातली असती तर पॅच आल्यावर ती उठवायची कधी, यावर नवा वाद झाला असता. याउलट सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो हा १९९४ चा आर्केड गेम. त्यातला अकुमा हवेतून फायरबॉल टाकतो आणि जमिनीवरच्या कॅरेक्टरला जवळ येण्याची सोयच ठेवत नाही. पॅच येणार नव्हता, म्हणून स्पर्धांनी त्याला बाहेर ठेवलं. तो नसला तरी बाकीचा गेम शाबूत राहतो. आमच्या मते बंदीची ही आदर्श केस.

सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल या गेममधला मेटा नाइट मात्र सगळ्यांना पुरून उरला. तिथे आधी बारीक उपाय झाले. त्याची डायमेन्शनल केप ही मूव्ह लांबवून अदृश्य राहण्याच्या क्लृप्तीवर बंदी आली. स्टेजच्या कडेला पुन:पुन्हा लटकून वेळ काढू नये म्हणून किती वेळा कड धरायची, यावर मर्यादा आली. मॅचनंतरच्या आकडेवारीत तो आकडा दिसत असल्यामुळे ही मर्यादा पंचांना तपासता येई. (‘एकच मूव्ह सारखी मारू नये’ असले नियम याच कसोटीवर नापास होतात. सारखी म्हणजे किती?) एवढं करूनही तो डोईजड राहिला, तेव्हा २०१२ पासून अमेरिकेतल्या अनेक स्पर्धांत त्याच्यावर पूर्ण बंदी आली. पण सगळ्या मोठ्या स्पर्धा एका सुरात नव्हत्या. एका ठिकाणी बंद आणि दुसरीकडे चालू म्हटल्यावर सराव कशाचा करायचा, हेच खेळाडूंना कळेना. बंदी फार टिकली नाही.

निर्णय घ्यायचा कोणी, यासाठी पोकेमॉनच्या लढतींचे नियम करणाऱ्या स्मोगन समुदायाची पद्धत उचलण्यासारखी आहे. संशयित पोकेमॉनवर मत द्यायचं तर ठरलेल्या मुदतीत रँकच्या लढती खेळून ठरलेलं रेटिंग गाठावं लागतं, आणि बंदीसाठी साधं बहुमत पुरत नाही, ६० टक्के मतं लागतात. बाहेरून ओरडणाऱ्यांना मत नाही. ते कॅरेक्टर मेन करणाऱ्यांना, म्हणजे मुख्यतः तेच खेळणाऱ्यांना, मात्र आहे, आणि असायलाच हवं. वर्षभराचा सराव त्यांचाच वाया जाणार असतो.

टीम गेममध्ये हा पेच बराच सोपा होतो. लीग ऑफ लेजंड्सच्या रँक्ड मॅचमध्ये प्रत्येक संघ त्या मॅचपुरते पाच चॅम्पियन (तिथली कॅरेक्टर) बॅन करतो, त्यामुळे डोईजड चॅम्पियनचा बंदोबस्त जिथल्या तिथे होतो. मात्र दर मॅचला तोच एक बॅन होऊ लागला, तर ती छुपी बंदीच झाली आणि संघाचा एक बॅन फुकट गेला, असं समजावं.

बंदीचा एक परिणाम हमखास नजरेआड होतो. वरचं कॅरेक्टर काढलं की त्याच्या धाकात असलेलं दुसरं डोकं वर काढतं. म्हणून मतदानाआधी एक-दोन छोट्या स्पर्धा त्या कॅरेक्टरशिवाय खेळवून पाहाव्यात. बंदी झालीच, तर नियमातच फेरविचाराची तारीख घालावी, तीन महिने ठीक, आणि मोठा पॅच आला तर त्याआधीच. नोंदणी सुरू झाल्यावर नियम बदलू नये. स्पर्धा चालू असताना गेम मोडणारा बग सापडला, तर फक्त ती क्लृप्ती थांबवावी, कॅरेक्टर चालू ठेवावं, आणि त्याआधी झालेल्या मॅचेसचे निकाल तसेच राहू द्यावेत.

आपले,
स्पर्धांचे नियम पाहणारे काही पंच