हयातीचा दाखला आणि पुसलेले ठसे

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू विचारलंस, "आई, नागपुरात एवढी कुठली थंडी पडली, दिवसभर मोजे?" मी हसण्यावारी नेलं. थंडी नव्हती रे. तळपाय लालबुंद झाले होते आणि डाव्या टाचेला फोड आला होता. तो तुला दाखवायचा नव्हता. डॉक्टरांनाही नाही, हे जास्त वाईट.

कॅन्सरच्या ऑपरेशननंतर कॅपेसिटाबीनच्या, म्हणजे केमोच्याच, गोळ्या लागल्या ते तुला माहीत आहे. १४ दिवस सकाळी चार, रात्री चार, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत. मग सात दिवस सुट्टी. अशा आठ फेऱ्या. केस गेले नाहीत, म्हणून मी खुशीत होते. दुसऱ्या फेरीत तळहातांना मुंग्या यायला लागल्या, मग गरम तव्याला हात लागावा तशी आग. या गोळ्यांचा हा ठरलेलाच त्रास आहे, त्याला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात. दाब पडला, घासलं गेलं, ऊब लागली की वाढतो. अन् मी नेमकं काय केलं? चकल्या. तापल्या तेलासमोर बसून दोन तास सोऱ्या पिळला. रात्री उजव्या तळव्यावर सोऱ्याच्या दांड्याचा लाल पट्टा उमटला होता, दुसऱ्या दिवशी तिथली कातडी सुटली. तू मागितल्या नव्हत्यास, मलाच हौस. तेव्हा उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

लपवलं कशासाठी, तर सांगितलं की गोळ्या कमी करतील आणि आजाराला मोकळं रान मिळेल, अशी माझी समजूत. शेवटी तपासणीच्या वेळी बाबाच बोलले, "डॉक्टरसाहेब, हिचे पाय बघा." मला असा राग आला! डॉक्टरांनी फोड पाहून गोळ्या थांबवल्या आणि कातडी निवल्यावर चाराच्या तीन केल्या. म्हणाले, डोस कमी करणं हाही उपचाराचाच भाग, त्यानं उपचार वाया जात नाही. सोसत बसलात अन् जखम चिघळली, तर गोळ्या फार दिवस बंद ठेवाव्या लागतील.

आता युरियाचं क्रीम लावते, रात्री वर सुती मोजे. आंघोळ कोमट पाण्यानं. भांडी बाई घासते, पोळ्या बाबा लाटतात (नकाशे लाटतात, पण फुगतात). सकाळचं फिरणं तूर्त बंद, घरातही मऊ सपाता. शेजारच्या काकू मेंदी लावायला सांगत होत्या, थंड पडते म्हणे. फुटलेल्या कातडीवर प्रयोग नको, म्हणून नाही लावली. डॉक्टरांनी एक गंमत सांगितली. गुडघ्याला लावायची डायक्लोफिनॅकची जेल असते ना, ती दिल्लीच्या एम्समध्ये या गोळ्या घेणाऱ्यांच्या तळहातांना लावून पाहिली. औषध नसलेली साधी जेल लावणाऱ्यांत १०० पैकी १५ जणांना त्रास वाढला, ही लावणाऱ्यांत चारेक जणांनाच. पण ती सुरुवातीपासून, अन् डॉक्टरांना विचारूनच. तुझ्या मित्राच्या आईला गोळ्या सुरू होणार आहेत म्हणालास, त्याला विचारायला सांग.

खरी फजिती नोव्हेंबरात झाली. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेले, तर मशीन ठसा घेईना. अंगठा पुसला, दुसरं बोट, तिसरं, दहाही झाली. मागच्या रांगेतून "काहून एवढा वेळ?" सुरू झालं. मी तिथं ढळढळीत उभी, अन् मशीनच्या लेखी हयातच नाही! कातडी सोलली गेल्यानं बोटांवरच्या रेषाच पुसल्या गेल्या आहेत. गोळ्या संपल्या की सहसा परत येतात म्हणे. काउंटरवरच्या मुलीला तळहात दाखवले, तर ती म्हणाली, "काकू, मोबाइलवर चेहऱ्यानं होते ना." २०२१ पासूनची सोय आहे ही, आम्हालाच ठाऊक नव्हती. दोनदा पापण्या मिटवल्या अन् झाले हयात.

सध्या बाजारात आंबिया बहाराची संत्री आली आहेत. मला सोलता येत नाहीत, सालीचा रस भेगांत गेला की डोळ्यांतून पाणी येतं. बाबा सोलून, वरचे पांढरे धागेसुद्धा काढून वाटीत ठेवतात. लग्नाला ३८ वर्षं झाली, त्यांना धागे काढता येतात हे मला आत्ता कळलं.

डिसेंबरात येशील तेव्हा सैल सुती मोजे आण, चार जोड. अन् चकल्या विकतच्या.

तुझी,
आई