'फेस्टिव्ह'चा अर्थ पाठ, वापराची बोंब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात रोज एक इंग्रजी शब्द आणि त्याचा मराठी अर्थ अशी छोटी चौकट येते. मी ती कापून वहीत चिकटवते. वय 61, नोकरी सगळी मराठी टिपणं लिहिण्यात गेली, त्यामुळे निवृत्तीनंतर इंग्रजीला हात घातला तो या चौकटीच्या भरवशावर. तक्रारही तिच्याबद्दलच आहे.

काही महिन्यांपूर्वी चौकटीत शब्द होता 'फेस्टिव्ह'. अर्थ दिला होता : आनंदी, उत्सवाचा. झालं, मी तो पाठ केला. त्याच आठवड्यात भाच्याला बढती मिळाल्याचा निरोप आला. मी मोठ्या हौसेने इंग्रजीत उत्तर टाकलं, 'आय अ‍ॅम व्हेरी फेस्टिव्ह टु हिअर धिस.' आनंदी म्हणजे फेस्टिव्ह, मी आनंदी झाले, चुकलं कुठे? भाच्याचं उत्तर मराठीत आलं : 'मावशी, तुझ्या अंगावर दिव्यांच्या माळा सोडल्यात का? ग्लॅड लिही गं.'

माझी चूक मला तेव्हा कळली नव्हती, आता कळते. फेस्टिव्ह हा आनंद माणसाच्या मनातला नव्हे, तो भोवतालचा. खोली फेस्टिव्ह दिसते, कपडे फेस्टिव्ह असतात, वातावरण तर असतंच. माणसाला त्यात शिरायचं तर 'फील' किंवा 'मूड'चा हात धरावा लागतो. 'आय फील फेस्टिव्ह' चालतं, 'इन अ फेस्टिव्ह मूड' चालतं, आणि तेही समोर काही सणसमारंभ असेल तर. बढतीची बातमी ऐकून कुणी फेस्टिव्ह होत नाही. आपल्या 'उत्सवी' शब्दाचंही असंच आहे. 'उत्सवी वातावरण' आपण सहज म्हणतो, पण 'तुझं पत्र वाचून मी उत्सवी झाले' असं म्हटलं तर घरचे कपाळाला हात लावून ताप बघतील. म्हणजे शहाणपण मराठीत होतं, ते इंग्रजीत न्यायचं मला सुचलं नाही, कारण चौकटीत 'उत्सवाचा'च्या आधी 'आनंदी' छापलं होतं.

दुसरी फजिती माझी आणि मोबाइलची, निम्मी निम्मी. नातेवाइकांच्या ग्रुपवर 'फेस्टिव्ह सीझन'च्या शुभेच्छा द्यायला गेले. चार अक्षरं टाइप केल्यावर मोबाइलने पुढचा शब्द सुचवला, मी चष्म्याशिवाय तो दाबला आणि सगळ्यांना 'फेस्टरिंग सीझन' चिंतून मोकळी झाले. फेस्टर म्हणजे जखम चिघळणं, पू होणं. सात जणांनी 'सेम टु यू' म्हटलं! म्हणजे वाचत कुणीच नव्हतं, हा एक दिलासा.

त्या रात्री मात्र मी शब्दकोश घेऊन बसले. मला वाटलं होतं, दोन्ही शब्द दिसायला सख्खे आहेत तर एकाच घरातले असतील. तसं नाही. फेस्टिव्ह हा लॅटिन 'फेस्टम'च्या कुळातला, म्हणजे सण, मेजवानी. फीस्ट, फेस्टिव्हल, एवढंच काय सजावटीची तोरणं म्हणजे फेस्टून, ही सगळी त्याच घरची मंडळी. फेस्टर आला 'फिस्टुला'वरून. हो, डॉक्टर म्हणतात तोच फिस्टुला, भगंदरासारखी वाहती जखम. हे एकदा वाचलं आणि पुन्हा चुकायची सोय उरली नाही.

उच्चाराचंही सांगून टाकते. फाइव्ह, अलाइव्ह यांच्या चालीवर मी कितीतरी दिवस 'फेस्टाइव्ह' म्हणत होते. पॉझिटिव्ह, नेटिव्ह हे शब्द रोज तोंडात असूनही.

आमच्या पिढीची आणखी एक चूक म्हणजे 'फेस्टिव्हल मूड'. मराठीत 'चा-ची-चे' लावलं की नामाचं काम भागतं : सणाचा दिवस, सणाची गडबड. त्या सवयीने आपण इंग्रजीतही नामच पुढे सरकवतो. गंमत अशी की 'फेस्टिव्हल' हा शब्द इंग्रजीत आधी विशेषण म्हणूनच आला, चौदाव्या शतकात. नाम झाला तो सोळाव्याच्या अखेरीला, आणि 'फेस्टिव्ह' उगवला त्याही नंतर, सतराव्यात. तेव्हा आपण चुकतो ते फार तर चार-पाचशे वर्षं उशिरा. पण आज दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. ब्रिटिश वर्तमानपत्रात 'फेस्टिव्ह सीझन' म्हणजे नाताळ ते नववर्ष, आणि 'फेस्टिव्हल सीझन' म्हणजे उन्हाळ्यातले संगीत महोत्सव. भलत्या महिन्यात भलता शब्द टाकला तर वाचणाऱ्याला तंबू आणि गिटार दिसणार.

एवढं सगळं लिहायला निमित्त झाली गेल्या आठवड्यातली आपली चौकट. शब्द 'सेलिब्रेटरी'. अर्थ : आनंदाचा, उत्सवाचा. माझ्या वहीत आता दोन शब्द आणि अर्थ जवळजवळ एकच. मी काय समजायचं? शब्दकोशातली उदाहरणं ताडून मला जे उमगलं ते असं : सेलिब्रेटरीला कारण लागतं. निकाल लागला, सामना जिंकला, बढती मिळाली, म्हणून जेवायला गेलो, तर ते 'सेलिब्रेटरी डिनर'. कारण संपलं की शब्दही संपला. फेस्टिव्हला असा हिशेब द्यावा लागत नाही. दिवे, रंग, गर्दी, हसणं असलं की पुरे. भाच्याच्या बढतीला मी हा दुसरा शब्द वापरला असता, तोही स्वतःला न लावता त्याच्या पार्टीला, तर माझी लाज राहिली असती.

माझी विनंती एवढीच की अर्थाशेजारी त्या शब्दाच्या दोन-तीन नेहमीच्या सोबत्यांची नावं छापा : मूड, सीझन, ऑकेजन, अ‍ॅटमॉस्फिअर. आणि जागा उरली तर एक चुकीचं वाक्य, वर काट मारून. चुकीची वाक्यं कमी पडली तर माझी वही द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक नियमित वाचक

ता. क. नाव छापू नये. 'सेम टु यू' म्हणणारे सातही जण आपलंच वर्तमानपत्र घेतात.