कांदेलारियातल्या तिघांचे मनापासून आभार

ब्राझीलमध्ये पोर्तो वेल्योजवळच्या कांदेलारियाला मी एकटाच गेलो होतो. बोलिव्हियाचं रबर बाहेर काढायला १९०७ ते १९१२ या काळात ३६६ किलोमीटरची मदेरा-मामोरे रेल्वे बांधली, तिच्या मजुरांचं इस्पितळ आणि दफनभूमी इथली. मलेरियानं आणि इतर आजारांनी हजारो माणसं गेली. आता गंजलेल्या इंजिनांच्या बॉयलरमधून झाडं वर आलीत.

तिथेच शेवाळावरून पाय घसरला आणि घोटा मुरगळला. फोनला रेंज नाही, पोर्तुगीजचे चार शब्दही धड येत नाहीत.

कोयता घेऊन आलेल्या आजोबांनी काहीही न विचारता फांदी तोडून काठी करून दिली. त्यांच्यासोबतच्या ताईंनी स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून घोट्याला घट्ट बांधला, वर थर्मासमधली गोड काळी कॉफी पाजली. (त्या रुमालावर पिवळी फुलं होती, तो मी धुऊन जपून ठेवलाय.) मोटरसायकलवाल्या पोरानं दवाखान्यात सोडलं, पैसे मात्र घेतले नाहीत.

नावं विचारायचं भान राहिलं नाही, याची फार रुखरुख आहे. आजोबा, ताई, दादा, तुमचे उपकार मी विसरणार नाही. ती काठी अजून माझ्या दाराशी उभी आहे.