रविवारची बैठक : यंदा टॅनर व्याख्यानं

सभासदहो, नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता, नेहमीच्याच हॉलमध्ये. कादंबऱ्यांना तूर्त सुट्टी. आपण मानवी मूल्यांवरच्या टॅनर व्याख्यानमालेतली भाषणं वाचतोय. १९७८ साली सुरू झालेली ही माला एकाच विद्यापीठाची नाही. केंब्रिज, ऑक्सफर्ड, हार्वर्ड, स्टॅनफर्ड अशी ती फिरते.

पहिलं भाषण अमर्त्य सेन यांचं, स्टॅनफर्ड, १९७९. प्रश्न दिसायला साधा: समता हवी, पण कशाची? अपंग माणसाच्या हातात इतरांइतकेच पैसे ठेवले, तर त्याला इतरांसारखं हिंडता-फिरता येईल का? नुसत्या वस्तू मोजू नका, माणसाला प्रत्यक्षात काय करता येतं ते बघा, हा त्यांचा विचार. शेवटची पानं दोनदा वाचा, गाभा तिथेच आहे. मधला तात्त्विक वाद जड वाटला तर खुशाल चाळा, मीही चाळलाय.

पुढच्या वेळी अमेरिकी कादंबरीकार टोनी मॉरिसन, मिशिगन, १९८८. अमेरिकी साहित्यात काळ्या माणसांचं असणं न बोलता कसं झाकलं गेलं, हा विषय. ते लांबलचक आहे, आत्ताच हातात घ्या.

दोन्हींच्या छापील प्रती हॉलवर ठेवल्या आहेत. खुणा पेन्सिलीनेच कराव्यात. वाचून न येणाऱ्यांना चहा मिळेल, पण बोलण्याची पाळी शेवटी.