ट्रंक उघडली रे शेवटी

प्रिय सुदेश,

परवा फोनवर तू म्हणालास ना, डॉक्टरांनी लिहून दिलेली शुगर टेस्टची चिठ्ठी चार महिने पाकिटातच आहे, ते ऐकल्यापासून तुला लिहावंसं वाटतंय.

तुला माहीतच आहे, पप्पा जाऊन दोन वर्षं झाली तरी जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर त्यांचंच नाव होतं. आधी वारसांचं सक्सेशन डीड, मग मामलेदार ऑफिसात नाव बदलायला म्युटेशनचा अर्ज, पण पाऊस जाऊ दे, चवथ होऊ दे, शिगमो होऊ दे करत मी ढकलतच राहिलो. आई काही बोलायची नाही, फक्त कागदांच्या ट्रंकेवरची धूळ पुसायची.

मला वाटायचं मी आळशी झालोय. पण आळस नव्हता रे तो. त्या ट्रंकेत पप्पांच्या अक्षरातल्या वह्या होत्या, काजूच्या भाटाचा, म्हणजे बागेचा हिशेब, माझ्या फीच्या पावत्या, ती उघडली की ते नाहीत हे परत नव्याने कळणार, त्याची भीती होती. टिमोथी पिचिल म्हणून कॅनडातले मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी चालढकलीवरच कितीतरी वर्षं अभ्यास केलाय, त्यांचं म्हणणं असं की आपण काम टाळत नाही, त्या कामासोबत जे नकोसं वाटतं ना ते टाळतो. हे वाचलं आणि खरंच सांगतो, रडूच आलं.

मग पीटर गोल्विट्झर यांचा १९९९ चा एक लेख सापडला. नुसतं 'करणार' म्हणण्यापेक्षा कधी, कुठे, कसं ते आधीच ठरवून ठेवलं तर काम होण्याची शक्यता खूप वाढते. मी ठरवलं, रविवारी संध्याकाळचा चहा झाला की कप खाली ठेवायचा आणि सोप्यावर बसून ट्रंक उघडायची, मोबाईलवर २५ मिनिटांचा टायमर लावून, तो वाजला की बंद. पहिल्याच वहीत 'कौलं परतली, मजुरी दिली' एवढंच लिहिलेलं, त्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिलो, आई शेजारी येऊन बसली, आणि टायमर वाजला तरी आम्ही उठलो नाही. उतारा तळाशीच होता. मागच्या आठवड्यात डीड झालं, अर्जही दिला.

तुझ्या वडिलांना शुगरने किती त्रास झाला ते मी बघितलंय, त्यामुळे ती चिठ्ठी का उघडवत नाही ते कळतं मला. येत्या शुक्रवारी मी म्हापशाच्या बाजाराला येतोय. रात्री आठला जेवून घे, सकाळी काही खाऊ नकोस, आठ वाजता कदंब बस स्टँडवर भेट, लॅबमध्ये मी येतो सोबत. मग पातळभाजी-पाव खाऊ.

तुझा,
महेश